बाळाच्या बाटलीचे निपल नव्याने घडवताना नेमके काय सुधारावे?

साचेकार

नमस्कार. भोसरीतील एका लहान कारखान्यात मी द्रवरूप सिलिकॉनच्या साच्यांचे काम पाहतो. वैद्यकीय उपकरणांना लागणारी गास्केटे, नळ्यांची टोके आणि लहान झडपा हा आमचा नेहमीचा माल आहे. बाळाच्या दुधाच्या बाटलीचे निपल तयार करण्याचे आमच्या मालकांनी आता मनावर घेतले असून त्याचा आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी बाजारातील बरीच निपले आणून, उभी कापून, त्यांच्या भिंतींची जाडी आणि छिद्रांची मापे मी घेतली, आणि त्यातून जे प्रश्न उभे राहिले ते येथील जाणकारांपुढे मांडतो आहे.

जवळजवळ प्रत्येक खोक्यावर आकाराचे कौतुक असते. न्यूयॉर्कच्या एलायजा प्रॅट यांनी १८४५ मध्ये रबरी निपलाचे पेटंट घेतले. १९५०च्या दशकात जर्मनीतील बाल्टर्स आणि म्युलर या दोन दंतवैद्यांनी जबड्याच्या वाढीला सोयीचे म्हणून एका बाजूने चपटे टोक असलेले निपल आणले. आणि तेव्हापासून चाललेली चढाओढ मुख्यतः बाह्याकाराचीच दिसते. कोणाचा पाया रुंद, कोणाचे टोक लांब, तर कोणी पृष्ठभागाला त्वचेसारखा पोत दिलेला. आतून पाहिले की मात्र निराळेच चित्र दिसते. एकाच खोक्यातील दोन निपलांच्या छिद्रांत भिंगातून सहज कळेल एवढा फरक असतो, आणि ‘नवजात बाळासाठी, संथ प्रवाह’ असे छापलेल्या एका निपलातून दुसऱ्या कंपनीच्या ‘मध्यम’ निपलापेक्षा अधिक पाणी येते.

म्हणून विचारतो की, दूध पिताना बाळाच्या तोंडात प्रत्यक्षात काय घडते, आणि त्यातील किती भाग निपलाच्या आकारावर व किती छिद्रावर अवलंबून असतो? हवा आत येण्यासाठी ठेवलेली झडप खरोखर उपयोगाची असते, की ती केवळ विक्रीची युक्ती आहे? सिलिकॉन किती मऊ असावे? आमच्याकडे ३० ते ५० शोअर-ए (रबरासारख्या मालाचा कठीणपणा मोजण्याचे माप; आकडा कमी तितका माल मऊ) कठीणपणाचा कोणताही माल आम्ही नीट काढू शकतो, त्यामुळे कारखान्याची अडचण नाही. अडचण आहे ती काय काढावे, याची.

नवजात_सिस्टर

साचेकार, तुमचा संशय मला रास्त वाटतो. नवजात अतिदक्षता विभागात काम करताना आम्ही निपलाच्या आकाराकडे फारसे पाहत नाही. दूध किती वेगाने येते आणि बाळाने थांबायचे ठरवल्यावर ते थांबते का, एवढेच पाहतो.

आधी बाळाच्या तोंडातील हालचाल सांगते. अंगावर पिताना बाळ केवळ स्तनाग्र धरत नाही, तर भोवतीचा भागही तोंडात घेते. आत गेल्यावर स्तनाग्र ताणले जाऊन मूळ लांबीच्या सुमारे दुप्पट होते आणि त्याचे टोक कडक टाळू जेथे संपून मऊ टाळू सुरू होते त्या जागेच्या जवळ जाऊन बसते. बाळ जिभेने दाबून दूध पिळून काढते, अशी समजूत फार जुनी आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील डोना गेडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनोग्राफी आणि दाबमापन एकाच वेळी करून २००८ मध्ये जे दाखवले, त्यानुसार जीभ खाली जाते, तोंडातील ओढ, म्हणजे चोखण्याने आत तयार होणारा कमी दाब, सर्वाधिक होते आणि नेमके त्याच क्षणी दूध वाहते. ती ओढ सरासरीने १४५ मिमी पाऱ्याच्या आसपास होती, आणि बाळाबाळांत तिच्यात पुष्कळ फरक होता. दोन चोखण्यांच्या मध्येही थोडी ओढ कायम राहते, त्यामुळे स्तनाग्र सुटत नाही. दाबण्याचा वाटा अजिबात नाही असे नाही, पण निरोगी बाळात मुख्य काम ओढीचे असते.

दुसरी गोष्ट लयीची. पान्हा फुटेपर्यंत बाळ भराभर, म्हणजे सेकंदाला साधारण दोन वेळा चोखते, आणि दूध वाहू लागले की सेकंदाला एका चोखण्यावर येते. प्रत्येक चोखण्यामागे गिळणे आणि श्वास यांचा क्रम लागलेला असतो. हा मेळ गर्भधारणेच्या सुमारे ३४व्या आठवड्यापासून बसू लागतो, म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळांना आम्ही नळीने आणि पुढे वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजतो. आता असा विचार करा की बाळाने श्वासासाठी विराम घेतला आहे, पण बाटली उलटी धरल्यामुळे निपलातून दूध ठिबकतेच आहे. बाळापुढे दोनच मार्ग उरतात: श्वास रोखून गिळत राहायचे किंवा दूध ओठांच्या कडेने सोडून द्यायचे. पुष्कळ बाळे पहिला मार्ग धरतात. घरची माणसे कौतुकाने म्हणतात की बाळ किती भराभर पिते. आम्हाला मात्र भुवया वर गेलेल्या, बोटे फाकलेली, गिळण्याचा गटगट आवाज आणि मॉनिटरवर उतरणारे ठोके दिसतात.

तुमच्या मापनाला आणखी एक आधार देते. अमेरिकेतील ब्रिट पॅडोस आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या निपलांची चाचणी दूध काढण्याच्या पंपाच्या साहाय्याने घेतली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सर्वांत संथ निपलातून मिनिटाला सुमारे २ मिली, तर सर्वांत जलद निपलातून ८५ मिलीहून अधिक दूध आले. खोक्यावरील ‘संथ’ या शब्दाला कोणतेही ठरलेले माप नाही, हे त्यावरून पुरेसे स्पष्ट होते.

तेव्हा खोक्यावर मिनिटाला किती मिली ते छापलेले आणि प्रत्येक नगात तेवढेच दूध देणारे निपल जर कोणी आणले, तर आकार कसाही असला तरी मी ते आनंदाने वापरीन. आणि एक विनंती. बाटली ही अंगावरच्या दुधाला पर्याय म्हणून विकली जाऊ नये. ज्या बाळाला काही कारणाने बाटली लागणारच आहे, त्याच्यासाठी ती सुरक्षित असावी, एवढ्यापुरताच हा सल्ला आहे.

द्रवगती

सिस्टरांनी जे सांगितले त्याला थोडे गणित जोडतो, कारण मला वाटते की या वस्तूचा सगळा कस ०.३ मिमीच्या छिद्रात आहे आणि तेथेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

१५० मिमी पारा म्हणजे २० किलोपास्कल. एवढ्या दाबफरकाने दुधाची धार आदर्श स्थितीत सेकंदाला ६ मीटरच्या थोड्या वर वेग घेते. छिद्र ०.३ मिमी व्यासाचे असेल, छिद्राच्या कडांमुळे होणारी घट धरून ७० टक्के प्रवाह मानला आणि बाळ निम्मा वेळच ओढते असे समजले, तर मिनिटाला ९ मिलीच्या आसपास दूध येईल. हा हिशोब ढोबळ आहे, तरी प्रत्यक्ष मोजमापांच्या जवळ जातो. आता व्यास ०.३५ मिमी झाला तर क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढते, आणि प्रवाहही किमान तेवढा वाढतो. व्यास दुप्पट झाला तर प्रवाह चौपट होतो. निपलाची भिंत जाड आणि छिद्र फार बारीक असेल तर घर्षणाचा वाटा वाढतो आणि वाढ चौपटीच्याही पुढे जाते. म्हणजे केसाच्या जाडीएवढ्या फरकाने ‘संथ’ निपल ‘मध्यम’ होते. साचेकारांनी भिंगातून जो फरक पाहिला तो क्षुल्लक नाही.

याच ठिकाणी आपल्याकडील एका सर्रास सवयीचा उल्लेख करायला हवा. दूध नीट येत नाही असे वाटले की सुई तापवून निपलाचे भोक मोठे केले जाते. शिवणाची साधी सुईही ०.६ ते ०.८ मिमी जाडीची असते, म्हणजे एका टोचण्यात प्रवाह चौपट किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. शिवाय सिलिकॉन तापवल्याने वितळत नाही, त्यामुळे सुई तेथे गुळगुळीत भोक पाडत नसून फट फाडते, आणि ती फट पुढे वाढत जाते. दूध येत नाही याचे खरे कारण बहुधा छिद्रात नसतेच. ते बाटलीतील हवेत असते.

हवेचा हिशोब असा. १५० मिली मापाच्या बाटलीत ९० मिली दूध आणि वर ६० मिली हवा आहे असे धरू. बाळाने १० मिली दूध ओढले आणि बाहेरची हवा आत आलीच नाही, तर ६० मिली हवेला ७० मिली जागा व्यापावी लागते आणि तिचा दाब एक सप्तमांशाने, म्हणजे जवळजवळ १०९ मिमी पाऱ्याने उतरतो. बाळाची स्वतःची ओढच १४५च्या आसपास आहे. दोन चमचे दूध पिऊन होते तोच त्याची तीन चतुर्थांश ओढ बाटलीशी झगडण्यात जाऊ लागते, निपलाच्या भिंती आत बसतात, बाळ तोंड काढते, आणि बाटलीत बुडबुड्यांसह हवा शिरते. ह्यूस्टन येथील शांताल लाउ यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी अशी बाटली वापरून पाहिली की जिच्यात आतला ऋण दाबही साचत नव्हता आणि दुधाच्या उंचीचा भारही निपलावर येत नव्हता. २०००च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत बाळांनी अधिक दूध, अधिक वेगाने, आणि स्वतःच्या लयीने घेतले. त्यामुळे हवेची झडप ही विक्रीची युक्ती नव्हे. मात्र ती किती कमी दाबाला उघडते, हे मोजल्याशिवाय तिला काही अर्थ नाही. निपलाच्या काठावर असलेली अनेक झडपांची चीर कारखान्यातून येतानाच चिकटलेली असते, आणि बाटलीचे कडे जरा घट्ट आवळले तरी ती बंद होते.

ठिबकण्याबद्दल थोडे. १० सेंमी उंचीच्या दुधाचा भार जेमतेम १ किलोपास्कल असतो, म्हणजे ओढीच्या विसाव्या भागाएवढा. तरीही गोल छिद्रातून दूध ठिबकते, कारण ते अडवून धरणारा पृष्ठताण त्याहून दुबळा असतो. ०.३ मिमीच्या छिद्रावर पृष्ठताण साधारण ६ सेंमी उंचीचे दूध पेलतो, ०.६ मिमीच्या छिद्रावर ३ सेंमी. यावर उपाय दोन आहेत. बाटली आडवी धरून निपलावरील दुधाची उंची कमी ठेवावी, किंवा गोल छिद्राऐवजी चीर द्यावी, जी ओढ नसताना मिटलेली राहते. चिरेचा प्रवाह मात्र सिलिकॉनच्या कठीणपणावर आणि जाडीवर फार अवलंबून असतो, त्यामुळे तिच्यात सातत्य राखणे गोल छिद्राहूनही कठीण.

साचेकार

सिस्टर आणि द्रवगती, दोघांचेही मनापासून आभार. द्रवगतींचा १०९ मिमीचा हिशोब मी स्वतः करून पाहिला आणि आमच्या मालकांनाही दाखवला. पायाच्या रुंदीवर चाललेली चर्चा त्यानंतर थांबली.

आता साच्याच्या बाजूने काय अडते ते सांगतो, म्हणजे छिद्रांत फरक का पडतो हे इतरांनाही कळेल. द्रवरूप सिलिकॉन दाबाखाली इतके पातळ वाहते की साच्याच्या दोन भागांत ५ मायक्रॉनची फट असली तरी त्यात शिरून पापुद्रा तयार करते; त्याला आम्ही फ्लॅश म्हणतो. ०.३ मिमीची पिन साच्यात उभी करून छिद्र तयार केले, तर पिनेच्या टोकाशी हाच पापुद्रा येतो, आणि काही हजार नगांनंतर पिन किंचित वाकते. म्हणून बरेच कारखाने निपल आधी बंद टोकाचे काढतात आणि नंतर सुईने टोचतात किंवा लेसरने भोक पाडतात. टोचलेले भोक सिलिकॉनच्या लवचीकपणामुळे पुन्हा अर्धवट मिटते, आणि सुई बोथट होत जाते तसतसे भोकाचे माप बदलते. लेसरने माप चांगले मिळते, पण कडेला जळालेली पांढरी पूड राहते आणि ती धुऊन काढावी लागते. आकसण्याचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे: सिलिकॉन २ ते ३ टक्के आकसते, आणि ती घट आधीच धरून साचा करता येतो.

साचा सुटल्यावर निपले २०० अंश सेल्सिअसला सुमारे चार तास भट्टीत ठेवावी लागतात, म्हणजे आत उरलेली उडून जाणारी द्रव्ये निघून जातात. युरोपच्या मानकात अशा द्रव्यांची मर्यादा ०.५ टक्के आहे. हा खर्च वाचवण्याचा मोह अनेकांना होतो, असे मी ऐकून आहे. रबराचा विचार आम्ही सोडून दिला. नैसर्गिक रबर चावण्याला सिलिकॉनपेक्षा अधिक टिकते हे खरे, पण ते उष्णतेने व उन्हाने चिकट होते आणि त्यातील नायट्रोसामाइनांवर (कर्करोगाचा धोका असलेल्या रसायनांवर) युरोपने १९९३ मध्ये घातलेली मर्यादा पाळणे लहान कारखान्याला जड जाते.

माझा कल आता असा आहे की छिद्र लेसरने करावे, प्रत्येक तुकडीतील ठरावीक नग पंपावर तपासावेत, आणि खोक्यावर मिलीचा आकडा छापावा. हवेची झडप निपलाच्या काठावर न ठेवता कड्यापासून दूर न्यावी. यात काही राहून जाते आहे का?

भिंगरी

साचेकार, एक मोठी गोष्ट राहते आहे. वरील सगळा हिशोब ज्या बाळाला ओढता येते त्याच्यासाठी आहे. माझी मुलगी दुभंगलेली टाळू घेऊन जन्माला आली. अशा बाळाचे तोंड आणि नाक आतून जोडलेले असते, त्यामुळे तोंडात ओढ तयारच होत नाही. ते जिभेने आणि हिरड्यांनी दाबू शकते, पण ओढू शकत नाही. जगभरात ओठ किंवा टाळू दुभंगलेली बाळे साधारण सातशे जन्मांमागे एक, या प्रमाणात जन्मतात. ओठाची शस्त्रक्रिया साधारण तिसऱ्या महिन्यात आणि टाळूची नऊ ते बारा महिन्यांच्या दरम्यान होते, आणि तोपर्यंत वजन वाढलेच पाहिजे, नाहीतर शस्त्रक्रियेची तारीख पुढे जाते. घरातील प्रत्येक माणूस वजनकाट्याकडे डोळे लावून बसलेला असतो.

या बाळांसाठी निपल कसे असावे याचे उत्तर एका आईनेच शोधले आहे. इंग्लंडच्या मँडी हॅबरमन यांची मुलगी १९८० मध्ये दुभंगलेली टाळू घेऊन जन्मली, आणि तिला पाजता पाजता त्यांनी जी बाटली घडवली ती पुढे त्यांच्याच नावाने जगभर गेली. तिची रचना तुमच्यासारख्याने मुद्दाम पाहावी. निपल आणि बाटली यांच्यामध्ये एकमार्गी झडप आहे. दूध निपलात येते, पण दाबल्यावर मागे बाटलीत जात नाही. त्यामुळे बाळाने नुसते हिरड्यांनी दाबले तरी दूध पुढेच जाते. टोकाला गोल छिद्र नसून चीर आहे, आणि निपलाच्या अंगावर वेगवेगळ्या लांबीच्या तीन रेषा आहेत. कोणती रेष बाळाच्या नाकाखाली येईल तशी चीर तोंडात फिरते आणि प्रवाह कमी-जास्त होतो किंवा बंद होतो. निपल स्वतःच मऊ आणि मोठे असल्याने पाजणाऱ्यालाही बाळाच्या लयीबरोबर हलकेच दाबता येते. जपानच्या पिजन कंपनीचे टाळूसाठीचे निपल निराळ्या वाटेने तेच करते: एकमार्गी झडप आहेच, शिवाय टाळूकडची भिंत जाड आणि जिभेकडची पातळ आहे, म्हणून जीभ सहज दाबू शकते आणि वरच्या बाजूला निपलाला टेकण्यापुरता कडकपणा राहतो.

दोन्ही चांगली आहेत. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी ती मागवून घ्यावी लागतात, आणि खरी अडचण बाटलीची नसून झडपेची आहे. ती बटणाएवढी चकती असते. उकळताना ती पातेल्यात इतर वस्तूंखाली जाते, पाण्याबरोबर मोरीत जाते, किंवा घाईत उलटी बसवली जाते, आणि उलटी बसली की दूध येतच नाही. सुटी चकती विकत मिळत नाही. संपूर्ण संच पुन्हा घ्यावा लागतो. तोवर आम्ही बोंडल्यावर भागवले, जे सासूबाईंना उत्तम जमते आणि मला आजही जमत नाही.

तुम्ही झडपा तयार करता असे लिहिले आहे. निपल आणि झडप एकाच तुकड्यात ओतता आली, किंवा निदान अशी चकती आली की जी उलटी बसूच शकत नाही, तर ते काम बाजारातील विसाव्या ‘आईसारख्या’ निपलापेक्षा कितीतरी मोलाचे होईल.

कलमबहाद्दर

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे. कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण ती नंतर कळली तर महागात पडते.

आपल्याकडे अर्भक दुग्धपर्याय, दुधाच्या बाटल्या आणि अर्भक आहार यांसंबंधीचा कायदा १९९२ चा असून त्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली आहे. मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधी जी संहिता १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने स्वीकारली, तिच्यावर तो आधारलेला आहे. त्यातील ‘दुधाची बाटली’ या व्याख्येत निपल आणि झडप या दोहोंचाही स्पष्ट समावेश आहे. म्हणजे तुम्ही बाटली न करता केवळ निपल केले, तरी हा कायदा तुम्हाला लागू होतो. त्यानुसार बाटलीची जाहिरातच करता येत नाही, नमुने फुकट वाटता येत नाहीत, रुग्णालयात फलक लावता येत नाहीत. ‘आईसारखे’ असे शब्द छापण्याचा मोह सोडून द्यावा हे बरे. विक्रीसाठी भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह लागते. प्लास्टिकच्या बाटल्यांचे मानक आयएस १४६२५ आहे, आणि २०१५ च्या आवृत्तीपासून पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक त्यातून वगळलेले आहे. उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

एक मुद्दा मात्र तुमच्या लक्षात येणार नाही असा आहे. दुरुस्तीनंतर उत्पादकाने आरोग्य कर्मचाऱ्यांना किंवा त्यांच्या संघटनांना परिषद, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती यांप्रमाणेच संशोधनासाठी पैसा देण्यावरही बंदी आली. तुम्हाला रुग्णालयात चाचणी करावीशी वाटेल, आणि ती करावीही. पण तुमच्या कंपनीच्या पैशाने डॉक्टर किंवा सिस्टर यांच्याकडून ती करून घेणे हेच बंदीच्या कक्षेत येऊ शकते. सरकारी निधी किंवा उत्पादनाशी संबंध नसलेली संस्था शोधा, नैतिकता समितीची मान्यता घ्या, आणि त्याआधी वकिलाचे लेखी मत घ्या. टाळूसाठीचे निपल हा वैद्यकीय गरजेचा विषय आहे म्हणून यातून सूट मिळेल असे गृहीत धरू नका.

साचेकार

भिंगरीताई, तुमचे लिहिणे वाचून आराखडा बाजूला ठेवला आणि झडपेवरच काम सुरू केले. एकाच तुकड्यात ओतण्यात अडचण अशी की मिटलेली चीर साच्यात करता येत नाही. ती नंतर कापावीच लागते, आणि निपलाच्या आत हात पोचत नाही. पण झडप निपलाच्या पायाला पातळ बिजागरीने जोडलेली ठेवून, उघडी असताना कापून मग आत दुमडून बसवता येईल, असे वाटते. त्यामुळे ती हरवणार नाही, आणि उलटी तर बसणारच नाही. बिजागरी किती वेळा दुमडल्यावर तुटते, ते मशीनवर पाहावे लागेल. जिभेकडील भिंत पातळ ठेवणे साच्याच्या दृष्टीने सोपे आहे. निपलाची पोकळी घडवणारी गाभ्याची पिन एका बाजूला सरकवली की झाले.

द्रवगती, ओढ नसलेल्या बाळासाठी सिस्टरांनी सांगितलेली पंपाची चाचणी चालणार नाही. मग प्रवाह मोजायचा कसा?

द्रवगती

पंपाऐवजी दाब द्यावा लागेल. दोन मऊ रोलरांमध्ये निपल धरून सेकंदाला एकदा, ठरलेल्या जोराने दाबावे आणि खाली तराजूवर प्रत्येक दाबाचे दूध तोलावे. जोर एकच न धरता तीन-चार ठेवावेत, कारण आठवडाभराच्या बाळात आणि तीन महिन्यांच्या बाळात फार फरक असतो. पाण्याने चाचणी करू नका. दूध पाण्याहून दाट असते आणि तापमानाप्रमाणे बदलते, म्हणून सर्व चाचण्या ३७ अंशांना आणि एकाच प्रकारच्या दुधाने घ्या. मागे बाटलीत किती जाते तेही मोजा. ते शून्य नसेल, तर झडपेचा अर्थच उरत नाही.

नवजात_सिस्टर

बिजागरीची कल्पना मला आवडली, पण तिच्या खोबणीत काय साचेल याची काळजी वाटते. एकोणिसाव्या शतकात युरोपात लांब रबरी नळीच्या बाटल्या फार लोकप्रिय होत्या. बाळाला एकटे ठेवून पाजता येई, म्हणून आयांना त्या सोयीच्या वाटत. पण नळी आतून घासता येत नसे, त्यात दूध कुजे, आणि असंख्य बाळे अतिसाराने दगावली. फ्रान्सने १९१० मध्ये कायदा करून त्या बाटल्यांच्या विक्रीवर बंदी घातली. जी जागा बोटाला किंवा ब्रशला पोचत नाही, ती जागा निपलात असता कामा नये. तुमची झडप धुण्यासाठी पूर्ण बाहेर उलटता आली पाहिजे, आणि सिलिकॉन पारदर्शक असावे, म्हणजे आत राहिलेला दुधाचा थर दिसेल.

दुसरे असे की घरोघरी निपले रोज उकळली जातात. वाफेने वारंवार निर्जंतुक केलेल्या सिलिकॉन निपलांच्या पृष्ठभागावरून सूक्ष्म कण सुटतात, असे संशोधन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. म्हणून नव्या निपलाचा प्रवाह मोजून थांबू नका. तेच निपल रोज दोनदा उकळून, महिन्याभराने आणि दोन महिन्यांनी पुन्हा मोजा, चीर फाटली का ते भिंगाखाली पाहा, आणि निपल कधी टाकून द्यायचे तो दिवस त्यावरून ठरवून खोक्यावर छापा. हे आकडे हाती आले की याच धाग्यावर द्यावेत. ते पाहिल्यानंतरच आमच्या विभागप्रमुखांकडे मी हा विषय काढीन.